रेघ मागून येते

गेवराई,
११ नोव्हेंबर २०२४

फरजाना बेटा,
दुवा.

शिडीची शेवटची पायरी सोडत होतो, तेव्हा पोस्टमनने खालूनच तुझं पाकीट वर केलं. ते घेताना डबा कलंडला. पावभर लाल इनॅमल ओट्यावर सांडलं. अजून पुसतो आहे.

तुझा 'श' बिघडलेलाच आहे. पोट भरत नाहीस. पुण्याला गेलीस तेव्हा आपलं ठरलं होतं, महिन्याला एक पत्र हाताने लिहायचं आणि बिघडलेल्या अक्षराला लाल गोल करून मी ते परत पाठवायचं. या वेळी गोल राहून गेले. पुढच्या वेळी करतो.

हे अक्षर मामीचं आहे. माझ्या हाताला रंग लागलाय. मी सांगतो, ती लिहिते.

(मी सातवी पास आहे. चुका निघाल्या तर त्या सांगणाऱ्याच्या. — समिना)

दिंद्रुडच्या शाळेची लांब भिंत तुला आठवत असेल. तिच्यावर एकतीस वर्षांपूर्वी मी मुळाक्षरं काढली होती. ती आता नव्या गिलाव्याखाली गेली. शाळेच्या मुख्याध्यापिका सुकन्या मॅडम परवा दुकानात आल्या. त्याच गावच्या, त्याच शाळेत शिकलेल्या. म्हणाल्या, "चाचा, मी 'ळ' तुमच्या भिंतीवर शिकले. दुसऱ्याचा 'ळ' मला नको." फेब्रुवारीपर्यंत भिंत पुरी व्हायला हवी. शेजारचा फ्लेक्सवाला तन्वीर ऐकत होता. तो म्हणाला, "मॅडम, माझ्याकडं पाचशे फाँट हायेत. ळ पायजेत तितके घ्या." मी म्हणालो, गप बस बे.

तुला विचारायचं ते वेगळंच आहे. इथे एक पेंटर आहे, ओळखीचा. त्याला कंप्युटरवर अक्षरं काढायची आहेत. टाइप करायची नाहीत, काढायची. त्यासाठी बरीच सॉफ्टवेअर असतात म्हणे. तू रोज त्यातच असतेस. त्याने कोणतं घ्यावं? ब्रश किती आणि रंग किती हे नको. रेघ कशात सरळ येते तेवढं सांग.

(पेंटरचं नाव विचारू नकोस. — समिना)

तुझा,
चाँद मामू


पुणे,
१९ नोव्हेंबर २०२४

चाँद मामू,
सलाम. मामी, तुम्हालाही.

या पत्रातल्या 'श'ची पोटं भरली आहेत. बघून घ्या.

अम्मी काल फोनवर म्हणाली, मामूशी घरात दखनी बोलतेस आणि पत्र मराठीत कशाला? मी म्हटलं, अक्षरं त्यांनी शिकवली आणि ती मराठी होती.

आता तुमच्या पेंटरचं. मी तीन सॉफ्टवेअर वापरली आहेत. एक फोटोशॉप. प्रकाशकांकडे ते चालतं, म्हणून मला घ्यावं लागलं. त्याचं भाडं भरत राहावं लागतं. दुसरं प्रोक्रिएट. एकदा घेतलं की झालं, आणि हाताला फार गोड आहे. पण ते आयपॅडवरच चालतं, आणि तुमच्या पेंटरकडे आयपॅड असेल असं वाटत नाही. तिसरं क्रिटा. ते फुकट आहे. जगभरातले लोक मिळून बनवतात, आणि चित्र काढणाऱ्यांसाठीच बनवतात. साध्या कंप्युटरवर उघडतं. मी असते तर त्यांना क्रिटा दिलं असतं.

त्यात थर असतात. काचेवर काच ठेवावी तसे. खालच्या काचेवर तुमच्या दोरीने मारलेल्या रेघा, वरच्या काचेवर अक्षर. अक्षर पुसलं तरी रेघा जात नाहीत. तुम्हाला हे आवडलं असतं.

रेघेचं विचारलंत. तिन्हींत एक सोय असते, स्टॅबिलायझर नावाची. ती सुरू केली की हात कसाही चालला तरी रेघ गुळगुळीत येते. त्या पेंटरला सांगा, ते बटण बंद ठेवायचं. हलणाऱ्या हाताला सवय लागते आणि मग हात शिकत नाही. मी दहा वर्षांची होते तेव्हा पाटीवर माझा हात धरून तुम्ही म्हणाला होतात, रेघ उसनी घ्यायची नाही. मी अजून तेच पाळते.

माझी जुनी पेनची पाटी पार्सलने पाठवते आहे. पाटीवर पेन फिरवलं की कंप्युटरच्या पडद्यावर उमटतं. त्यांना वापरू द्या. मला नवी मिळाली आहे.

भिंत कधी सुरू करताय?

तुमची,
फरजाना


गेवराई,
२ डिसेंबर २०२४

फरजाना बेटा,
दुवा.

पाटी पोचली. तन्वीरच्या दुकानात जोडली. हात टेबलावर आणि रेघ समोर पडद्यावर. मी हाताकडेच बघत होतो. तन्वीर म्हणाला, "चाँदभाई, तिकडं काय बघताय? तिकडं काईच न्हाई." खरंच काही नव्हतं.

क्रिटा उतरवून घेतलं. थर समजले. चांगली सोय आहे.

बटणाचं तू लिहिलंस ते पेंटरला सांगितलं. तो म्हणाला, बरोबर आहे. बटण बंद ठेवलंय.

दिंद्रुडला कळवलं की मला सवड नाही. तन्वीरचा फ्लेक्स लावा म्हणालो. तो स्वस्तात करील आणि वेळेत करील.

पाटी परत पाठवू का?

चाँद मामू


पुणे,
९ डिसेंबर २०२४

चाँद मामू,
सलाम.

पाटी ठेवा. परत पाठवलीत तर मी घेणार नाही.

सवड नाही म्हणजे काय? लग्नाच्या मंडपातून उठून तुम्ही दुकानाचं शटर रंगवायला गेला होतात. अम्मी अजून ते ऐकवते. दिंद्रुडच्या भिंतीला तुम्हाला सवड नाही?

आधीच्या पत्रालाही मामीचं अक्षर होतं, याही पत्राला मामीचंच. तीन आठवडे हाताचा रंग निघाला नाही का? या वेळी मामी कंसातही काही बोलल्या नाहीत. आणि माझी दोन पत्रं गोल होऊन परत आली नाहीत. सहा वर्षांत असं झालं नव्हतं.

मला एकच कारण सुचतं. मी ब्रश सोडून पडद्यावर काढायला लागले तेव्हा तुम्ही काही बोलला नव्हतात. बोलला नव्हतात म्हणून मला वाटलं चाललं. आता त्या पेंटरला मी कंप्युटर शिकवायला निघाले, आणि ते तुम्हाला लागलं असावं. तसं असेल तर स्पष्ट लिहा. मी ऐकून घेईन.

पण भिंत सोडू नका.

फरजाना


गेवराई,
१६ डिसेंबर २०२४

फरजाना,
दुवा.

हे पत्र मामूंनी सांगितलेलं न्हाई. ते नमाजला गेलेत, तेवढ्यात लिहिते.

रागबिग काही न्हाई. त्यांचा हात कापतो. दीड वर्ष झालं. आधी चहा सांडायचा. मी स्टीलचा मोठा गिलास आणला आणि अर्धाच भरायला लागले. मग बोर्डावर दिसायला लागलं. रंगवताना मनगटाखाली धरायची त्यांची काठी तुला ठाऊक आहे. आता ती धरूनही हात हलतो. बीडच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, तो वाईट आजार न्हाई, पण जाणारही न्हाई. गोळीनं थोडा कमी पडतो, तेवढंच.

पेंटर कोण ते आता तुला कळलं असेल. मी पहिलं पत्र लिहितानाच त्यांना म्हणाले होते, आपलंच नाव घाला की. म्हणाले, तू लिही.

तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही दोघं ओट्यावर होतो. मीच वाचून दाखवलं. बटणाचं आलं तिथं मी थांबले. ते म्हणाले, वाच पुढं. मग तन्वीरकडं रोज दुपारी जायचे. बटण बंद ठेवून कानाच काढत बसायचे. तन्वीर मला म्हणाला, "भाभी, दोनशे काने काढले आन् दोनशे पुसले." तो त्यांना गिऱ्हाईक असलं तरी खुर्ची मोकळी करून देतो. तोंडानं मात्र टोमणेच मारतो.

मागच्या बुधवारी काठी कपाटावर टाकून दिली. कपाट पुसताना मला दिसली.

तुझ्यावर रागावू कशाला. तू त्यांचंच बोललीस. आता मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नको. तुला काही सुचलं तर बघ.

तुझी,
समिना मामी

'श' मला तरी बरा दिसतो.


पुणे,
२१ डिसेंबर २०२४

चाँद मामू,
सलाम.

त्या पेंटरला मी चुकीचं सांगितलं. ते दुरुस्त करायला लिहिते आहे.

मी लिहिलं होतं की माझं बटण बंद असतं. ते खरं नाही. माझ्या नावाची अकरा पुस्तकं छापली आहेत. त्यांतली एकही बाह्यरेघ मी बटण बंद ठेवून काढलेली नाही. पहिल्या वर्षी ठेवत होते. मग मुदती आल्या आणि बटण सुरू केलं. तेव्हापासून ते सुरूच आहे. तुम्हाला लिहिताना बंद करून टाकलं. तुमच्यापुढे मला दहा वर्षांचीच राहावंसं वाटतं.

दुसरी एक गोष्ट आठवली. तुमची काठी. एका टोकाला चिंधी गुंडाळलेली. सुट्टीत मी तुमच्या दुकानात बसायचे, तेव्हा एकदा विचारलं होतं, मामू, हाताला काठी कशाला लागते? तुम्ही म्हणालात, हात हवेत असला की घाबरतो. मी म्हटलं, मग अक्षर काठीचं झालं. तुम्ही खूप हसलात. म्हणालात, काठीला लिहिता येत असतं तर मी तिला दुकानात बसवून घरी झोपलो असतो.

बटण ही तीच काठी आहे. तुम्ही मला रेघ उसनी घेऊ नको म्हणालात तेव्हाही तुमच्या डाव्या हातात काठी होती. हे मला अठरा वर्षांनी दिसलं.

तेव्हा पेंटरला सांगा, क्रिटाच बरोबर आहे. त्यात वर ब्रशाच्या शेजारी ते बटण सापडेल. त्याला एक आकडा असतो. आकडा वाढवला की रेघ शांत होते, पण हाताच्या मागे पडते. कमी केला की हाताजवळ येते. कुठला आकडा ठेवायचा ते मी सांगू शकत नाही. ज्याचा हात त्याने ठरवायचं.

मी माझा आकडा कुणाला सांगत नाही. त्यांनीही सांगू नये.

तुमची,
फरजाना


गेवराई,
२० जानेवारी २०२५

फरजाना बेटा,
दुवा.

हे पत्र मी लिहितो आहे. ओळी चढतील, उतरतील. लागलं तर दोनदा वाच. मामी शेजारी बसली आहे. तिला कंसाची परवानगी नाही.

पेंटर मीच.

तुला कुणी सांगितलं ते मी विचारत नाही. तुझ्या पत्रात काठी आली तेव्हा कपाटाकडे बघणारं घरात एकच माणूस होतं.

डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही. मी विचारलं, आणि कान्याला? त्यांना कळलं नाही.

बटण सुरू केलं. पहिल्या दिवशी तन्वीरने आकडा शेवटपर्यंत नेला. अक्षरं वापरलेल्या साबणासारखी झाली. 'ळ'ला गाठच उरली नाही. तन्वीर म्हणाला, "एक नंबर." मी म्हणालो, हा तुझा पाचशे एकावा फाँट, ठेव तुझ्याकडेच. मग आकडा रोज थोडा खाली आणला. बारा दिवस लागले. एका जागी थांबलो. त्याच्या खाली गेलं की अक्षर तुटतं. वर गेलं की माझं राहत नाही. त्या जागी थोडी थरथर दिसते. ती ठेवली.

रेघ हाताच्या मागून येते. मी कान्याच्या तळाशी पोचलेला असतो आणि ती अजून वरून उतरत असते. तिच्यासाठी थांबावं लागतं. आधी राग यायचा. तू लहान असताना शुक्रवारच्या बाजारात माझं बोट सोडून मागे राहायचीस, बांगड्या बघत. तेव्हा थांबायचो. तसंच आहे. आता थांबतो.

एकूण सत्तेचाळीस अक्षरं झाली. 'ळ' नऊ वेळा काढला.

मग एसटीने दिंद्रुडला गेलो. भिंत तशीच पांढरी होती. मी म्हणालो, मॅडम, फ्लेक्स कुठाय? म्हणाल्या, "तन्वीरभाई आले होते. मी त्यांना मापच घेऊ दिलं नाही. म्हटलं, चाचांना सवड झाली तर?" गेवराईला परत येऊन तन्वीरला विचारलं, माप घेतलं नाहीस हे बोलला का नाहीस? म्हणाला, "तुमी विचारलं का?"

आता त्याच्याच मशीनवर अक्षरं मोठी छापली, फ्लेक्सवर. त्यांचा खाका करतो आहे. मामी दाभणाने कडेकडेने भोकं पाडते. फ्लेक्स भिंतीला धरायचा, निळीची पुरचुंडी वरून मारायची, की खाली भिंतीवर ठिपक्यांचं अक्षर उतरतं. तिथपर्यंत मी करू शकतो. आत रंग भरायला दुसरा हात हवा. भिंतीला बटण नसतं.

१५ फेब्रुवारीला शनिवार आहे. सकाळची शाळा. येशील का?

तुझा,
चाँद मामू


पुणे,
२७ जानेवारी २०२५

चाँद मामू,
सलाम.

तुमचं पत्र सोबत परत पाठवते आहे. लाल पेन घेऊन बसले होते. ओळी चढल्या आहेत, उतरल्याही आहेत. अक्षर एकही बिघडलेलं नाही. पण नियम म्हणून एक गोल केला आहे. 'पेंटर मीच' याला. हे तुम्ही नोव्हेंबरमध्ये लिहायला हवं होतं.

चौदाला येते. अम्मीला सांगू नका, तीही निघेल आणि मग रंग कुणी भरायचा यावर भांडण होईल.

मामींना म्हणावं, कंस सुरू करा.

तुमची,
फरजाना


गेवराई,
१४ फेब्रुवारी २०२५

चाँद मामू,
सलाम.

महिन्याचं पत्र चुकवायचं नाही म्हणून तुमच्याच ओट्यावर बसून लिहिते आहे. तुम्ही आत निळीचे खडे कुटता आहात. मामी ओरडताहेत की तो त्यांचा मसाल्याचा खलबत्ता आहे.

पाच वाजता उतरले तेव्हा तुम्ही स्टँडवर होतात. दोन्ही हात खिशात. मी सलाम केला तेव्हा डावा बाहेर काढलात. उजवा मीच ओढून काढला. तो हलत होता. आपण दोघांनी त्याच्याकडे बघितलं आणि तुम्ही म्हणालात, चल, तन्वीर वाट बघतोय.

तन्वीरने मला पडद्यावर सत्तेचाळीस अक्षरं दाखवली. मी मोठी करून बघितली. कान्याच्या कडेला थरथर आहे, केसाएवढी. तुमच्या जुन्या बोर्डांवर ती नव्हती. पण वळण तेच आहे. 'श'चं पोट भरलेलं आहे. तन्वीर म्हणाला, "ताई, आकडा किती ठेवलाय ते मला बी सांगत न्हाईत. आन् उठताना शून्यावर आणून ठेवतात." मी त्याला म्हटलं, माझाही आकडा कुणाला माहीत नाही.

काठी मी कपाटावरून काढली आहे. चिंधी सुटली होती, नवी बांधली. उद्या सोबत घेते आहे. हे तुम्हाला आत्ता सांगत नाही. पत्रात वाचा.

तुमची,
फरजाना

ता. क. १५ फेब्रुवारी. साडेआठला शाळेत पोचलो. सुकन्या मॅडम म्हणाल्या, आधी 'ळ'. तुम्ही निळीची पुरचुंडी मारलीत, तन्वीरने फ्लेक्स काढला, 'ळ' उतरला होता. मी रंग भरला. शिरोरेषा तेवढी बाकी ठेवली आणि ब्रश तुम्हाला दिला. काठी मी धरली, तुम्ही मनगट टेकवलंत. रेघ मध्ये एकदा हलली. तशीच ठेवली. मग 'अ' घेतला.